साखराबाईचा एका दिवसाचा थाट

लिंबागणेशात साखराबाईची एक गोष्ट सांगतात. तिच्या घरी म्हणे तेलाच्या वाटीत माशी पडली, तर बाईनं आधी माशी धरून निथळून घेतली आणि मग उडू दिली. ही गोष्ट साफ खोटी आहे. साखराबाईच्या घरात तेल वाटीत काढतच नाहीत, मग माशी पडणार कशात?

तेल पिशवीतून थेट कढईत. तेही कोपऱ्याला दाभणानं पाडलेल्या भोकातून, एकेका थेंबाला दम देत. पिशवी रिकामी झाली की तिला कात्री लावायची, केळीच्या पानासारखी उघडायची आणि गरम भाकरीच्या तुकड्यानं आतून पुसून घ्यायची. तो तुकडा योगिताचा. एकुलत्या एक लेकीचे लाड साखराबाईनं कधी कमी केले नाहीत.

घरात गॅस होता. सरकारी योजनेतला. चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात फुलाफुलांचा झगा घालून नव्या नवरीसारखा उभा असायचा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल लागायचं, काडी तेवढी लागत नसे. टाकीचा भाव मात्र साखराबाईला तोंडपाठ. तिचं तसंच होतं. घेतलेल्या वस्तूंपेक्षा न घेतलेल्या वस्तूंचे भाव तिला जास्त पाठ असायचे. काजू काय किलो, बदाम काय किलो, फ्रिज किती दाराचा केवढ्याला, सगळं सांगायची. ऐकणाऱ्याला वाटावं बाई आत्ताच बाजार करून आली.

नवरा आश्रुबा शेरडं राखायचा. बालाघाटाच्या माळावर सकाळी जायचा ते दिवस कलल्यावर यायचा. त्याच्याजवळ आधी फोन होता. रिचार्ज महाग झालं तसा साखराबाईनं तो फोन बंद करून ट्रंकेत ठेवला आणि घराच्या पत्र्यावर एक काठी उभी केली. काठीला लाल फडकं दिसलं की जेवायला या, पांढरं दिसलं की पाहुणे आलेत, दोन्ही दिसली की पाहुणे जेवणार आहेत, सावकाश या. आश्रुबाला फोनपेक्षा हे बरं वाटायचं. फडक्याला चार्जिंग लागत नाही आणि फडकं उलट बोलत नाही.

आश्रुबा शेरडं-बोकडं विकून जे आणायचा ते बायकोच्या ओटीत टाकायचा आणि परत कधी विचारायचा नाही. ते कुठं ताणायचं, कुठं आखडायचं, हे सगळं साखराबाईच्या एका हातात. आणि तो हात असा, की डाळीला चार माणसं वाढली तरी डाळीला कळू द्यायचा नाही.

आधी गाव हसायचं. शेजारची गीताबाई तर वेशीपर्यंत ऐकू जाईल असं हसायची. पण गेल्या दोनचार वर्षांत तेल चढलं, तूरडाळ चढली, टमाटे एकदा असे चढले की लोक मंडईत नुसते बघून यायला लागले, आणि गावाचं हसू हळूहळू आखडत गेलं. आता नव्या सुना दुपारच्या यायच्या. "मावशी, चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळाया टाकायची तर आधी वाळवायची का वलीच टाकायची?" गीताबाई स्वतः एक दिवस पदर सावरत आली आणि म्हणाली, "अक्का, त्या साबणाच्या चिपट्या कशा चिकटवतीस गं? मपल्या सुटून जातेत." महागाईनं एवढ्या लोकांना मातीत घातलं, साखराबाईला मात्र मान मिळवून दिला.

फक्त एका ठिकाणी ही काटकसर आडवी आली. योगिताच्या लग्नात.

योगिता बी.ए. झालेली, हाताला गुण असलेली पोरगी. पायाच्या मशिनीवर गावभराचे ब्लाउज शिवायची. मागल्या साली पाटोद्याकडचं एक स्थळ बघायला आलं. साखराबाईनं रीतसर चहा दिला. गुळाचा, शेळीच्या दुधाचा, पावडर दुसऱ्या पाण्याची. पाहुण्यांनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडं बघितलं, "कळवतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच.  तेव्हापासून साखराबाईला वाटायचं, लेकीचं नशीब आपण दोन चमचे साखरेपायी घालवलं. म्हणून यंदा तिचा चुलतभाऊ आसाराम नवं स्थळ घेऊन आला, तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं, की ही सोयरीक आपल्या हातानं जाऊ द्यायची नाही.

आसारामला सोयरिकी जुळवायचा नाद. तो ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "साखराक्का, गेवराई तालुक्यातलं चकलांबा. मोहनराव म्हून हाईत. चौदा एकर बागायत, स्लॅबचं घर, हिरीला बारमाही पाणी. एकुलतं एक पोरगं. सोमनाथ नाव. गेवराईत खताच्या दुकानात हिशेबाला हाय. आन् हुंडा मागत न्हाईत."

"मागत न्हाईत? कावून?"

"आता कावून काय? न्हाई मागत. लई मोठी माणसं हाईत. म्हून सांगतो, त्या दिवशी तुपली काटकसर ट्रंकेत घाल. त्या फोनावर ठीव न् कुलूप लाव. गॅस पेटव. बुक्कीच्या जाडीचं तूप दिसलं पायजे शिऱ्यावर. आन् पाणी तांब्यात न्हाई, बाटलीत. सीलबंद."

"सीलबंद?" साखराबाईनं छातीवर हात ठेवला. "आरं, आपल्या हापशाला काय धाड भरली?"

"धाड हापशाला न्हाई भरली, तुला भरलीय. पाटोद्याचं इसरलीस का?"



मग साखराबाईनं जे केलं, ते लिंबागणेश अजून सांगतं. आश्रुबानं नेकनूरच्या बाजारात एक बोकड विकला. कलीम फळवाला गाडा घेऊन दारावरून चालला होता. त्याच्याकडून साखराबाई वर्षानुवर्षं डागी केळी, तीही सांजच्याला, तीही शिव्या देऊन घ्यायची. तिनं त्याला थांबवलं आणि म्हणाली, "सफरचंद दे. चांगलं बघून."

कलीमनं गाड्याचा दांडा सोडला. "साखराबाई, तब्येत बरी हाय ना? डाक्टरला दाखिवलं का?"

"गप तोल."

"भाव न्हाई विचारला तुमी."

"आज न्हाई विचारायचा."

कलीमनं मुकाट्यानं सफरचंद तोललं, वर एक जास्तीचं टाकलं आणि जाता जाता शेजारी गीताबाईला सांगून गेला, "बाईवर लक्ष असू द्या जरा."

गीताबाईनं आपला टेबलफॅन दिला, काचेच्या बशा दिल्या, साजूक तुपाची बरणी दिली. गॅसच्या अंगावरचा झगा उतरला. शेगडी पेटली तेव्हा साखराबाईनं डोळे मिटून घेतले, डॉक्टरनं सुई टोचताना कुणी मिटावेत तसे.

पाहुण्यांच्या दिवशी आसाराम सकाळीच हजर. घर जरा अंधारं होतं म्हणून त्यानं भर दुपारी दोन्ही बल्ब लावले. पंखा लावला. बाटल्यांचं खोकं असं ठेवलं की आत पाऊल टाकणाऱ्याला आधी तेच दिसावं. पत्र्यावर लाल आणि पांढरी दोन्ही फडकी लागली आणि माळावरून आश्रुबा सावकाश आला.

मोहनराव आणि त्यांच्या घरधनीण सोजरबाई एसटीनं उतरले. मोहनराव उंच, वाळलेले, धोतर परीटघडीचं पण चपलेला टायरचा तळ. साखराबाईच्या नजरेनं तो तळ आधी टिपला आणि तिला उगीच बरं वाटलं. सोजरबाई त्यांच्या मागं, सावलीसारख्या.

"तरास न्हाई ना झाला पाहुणे यायला?" आश्रुबानं विचारलं.

"कशाचा तरास?" मोहनराव म्हणाले. "माझं वयाचं अर्धं तिकीट, हिचं बाईमाणसाचं अर्धं. दोघं मिळून एक माणूस आलो. पोरगं तेवढं आख्खं पडतं, म्हून त्याला कांद्याच्या टेम्पोत बशिवलं. येईलच."

साखराबाईला आतल्या दारात हे ऐकून गुदगुल्या झाल्या. असा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. वाटलं, बाहेर जावं आणि पाया पडावं. पण आसारामनं डोळे वटारले, आणि ती शिऱ्याकडं वळली.

सोमनाथही आला. गोरागोमटा, नीट भांग पाडलेला, अंगाला कांद्याचा वास. सगळे बसले. मोहनरावांनी घरावरून नजर फिरवली. नजर फिरत फिरत बल्बवर आली आणि तिथंच थांबली. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि दुसऱ्याच्या घरातलं बटण आपल्या घरातल्यासारखं बंद करून परत बसले.

"दिवसा कशाला," म्हणाले.

खरं सांगायचं तर सकाळपासून साखराबाईचा हात त्याच बटणासाठी शिवशिवत होता. पण आसारामच्या चेहऱ्यावरचा घाम बघून ती पुढं झाली आणि तिनं बटण पुन्हा दाबलं. "राहू द्या की आण्णा. आमच्यात उजेड लागतो."

 जरा वेळानं मोहनराव पाय मोकळे करायला म्हणून उठले, आणि येताना बटण बंद करून आले. साखराबाई सफरचंदाची बशी घेऊन आली, आणि जाताना चालू करून गेली. तिसऱ्या खेपेला दोघं भिंतीपाशी एकदमच पोचले. मोहनराव तिच्याकडं बघत राहिले. तिनं खाली मान घालून बटण दाबलं. आत गेल्यावर तिच्या डोळ्यात पाणी आलं. एवढा जाणता माणूस घरात आलाय, आणि आपण त्याच्यापुढं उधळ्या ठरतोय!

पाण्याची बाटली मोहनरावांनी हातात घेऊन फिरवली, तिच्यावरची किंमत वाचली आणि न उघडता खाली ठेवली. "तांब्या न्हाई का?"

आसाराम हसला. "आवं आण्णा, हितं तांब्याबिंब्याचं काम न्हाई. बाटलीच असती कायम."

"कायम?"

"कायम म्हंजे कायम."

मोहनरावांनी शिऱ्यात चमचा घातला, चमचा वर उचलला, त्यावरून तूप ओघळताना बघितलं. "ह्यात तूप किती टाकलंय वहिनी?"

आयुष्यात पहिल्यांदा साखराबाईला कुणी मापाबद्दल विचारत होतं आणि तिला खरं उत्तर देता येत नव्हतं. "माप कशाला? हाताला यील तेवढं," ती म्हणाली. जीभ झडून पडंल असं तिला वाटलं.

मग रीत म्हणून सोजरबाई स्वैपाकघर बघायला आत आल्या. मुलीकडचं स्वैपाकघर मुलाच्या आईनं बघायचं असतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. साखराबाईनं शिऱ्याची बशी पुढं केली. सोजरबाईंनी दाराकडं एकदा बघितलं आणि खायला लागल्या. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्याला मिटले. तिसऱ्याला उघडलेच नाहीत. बशी संपली तरी बोट बशीवरून फिरत होतं.

"वाढू का आजून?"

"नको बया," म्हणाल्या, आणि बशी पुढं केली.

दुसरी बशी निम्मी झाल्यावर त्यांना कंठ फुटला. "तूप खाऊन लई दीस झाले."

"कावून? तुमच्यात तर म्हशी हाईत म्हणं."

"हाईत की. दोन हाईत. तूप बी हाय, डबा भरून हाय. त्याला कुलूप हाय." सोजरबाई अभिमानानंच सांगत होत्या. "किल्ली ह्यांच्या करदोट्याला. तेल बी हेच काढून देतेत, सकाळी सकाळी, पळीनं. साखर बी. माणूस लई येवस्थित हाय आमचा. लगीन होऊन आले तवापासून मला कदी डब्याला हात लावायचं काम पडलं न्हाई."

"आन् पाहुणे आले तर?"

"हे घरी असले तर च्या होतो. नसले तर पाहुणे बसतेत." सोजरबाई हसल्या. "एकदा मपला भाऊ आलता. सांजपतोर बसला. मग गेला. त्याला उपासच व्हता म्हणं त्या दिवशी."

 साखराबाईनंही उभ्या जन्मात तूप मोजून वाढलं होतं. चहाची पावडर दोनदा उकळली होती. पण घरात पळी तिच्या हातात होती. आश्रुबाला ताप आला तर तीच पळी एकदम वाकायची, योगिताच्या वाढदिवसाला वाकायची, आणि कधी कधी तर उगीच, मनात आलं म्हणून. ती वाकवायला तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. तिला आधी तुटक्या खाटेवर निवांत बसलेला आश्रुबा आठवला, ज्यानं कधी हिशेब विचारला नाही, आणि मग समोर बशी चाटणाऱ्या सोजरबाई दिसल्या. चौदा एकर बागायत, दोन म्हशी.

मागल्या दाराला लागून न्हाणीपाशी योगिता आणि सोमनाथ उभे होते. दोघांना बोलायला सोडलं होतं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"मपली शिलाई मशीन हाय," योगिता म्हणाली. "तिकडं आणली तर चालंल का?"

"आण्णायला विचारावं लागंल," सोमनाथ म्हणाला. "लाईट लई खाती का?"

"पायाची हाय."

"मग बरंय." जरा थांबून म्हणाला, "पण तेल टाकावं लागतं ना तिला?"

योगितानं आवाज उतरवून काय उत्तर दिलं ते साखराबाईला ऐकू आलं नाही. पण त्यानंतरचं लेकीचं गप्प राहणं तिनं बरोबर ओळखलं. ते पाटोद्याच्या पाहुण्यांनी घोट घेतल्यावरचं गप्प होतं, तसलं.

इकडं बाहेरच्या खोलीत मोहनराव उभे राहिले होते. आसारामला म्हणाले, "आसाराम, राग मानू नका. मी लई मोठी आशा धरून आलतो. मला लिंबागणेशच्याच एका माणसानं सांगितलं व्हतं, की हितं एक बाई हाय, तेलाची पिशवी कापून भाकरीनं पुसती. म्हटलं अशा आईची पोरगी घरात आली तर घराचं सोनं हुईल. हुंडा कशाला मागायचा? आशी पोरगी हाच हुंडा. आन् हितं बघतो तर दिवसा बल्ब, बाटलीचं पाणी, हाताला यील तेवढं तूप! मला पत्ता चुकीचा दिला वाटतं कुणीतरी. आमाला असं घर झेपायचं न्हाई."

 आसारामनं ज्या गोष्टीला ट्रंकेत घालायला लावलं, तीच बघायला हा माणूस चकलांब्याहून आला होता!

आश्रुबाचा चेहरा मात्र उजळला. तो भोळा माणूस. त्याला वाटलं, बघा कसं सोपं झालं. "आवं पाहुणे, पत्ता बराबरच हाय! तीच ही बाई! हे तर समदं..."

साखराबाई दारात उभी होती. एक शब्द पुरे होता. फॅन गीताबाईचा, बशा गीताबाईच्या, तूप गीताबाईचं, हे सांगितलं असतं तर मोहनरावांनी तिचे पाय धरले असते. ज्या कलेला गाव वर्षानुवर्षं हसलं तिला दाद देणारा माणूस तिच्या घरात उभा होता, आणि लेकीची सोयरीक त्या एका शब्दात जुळत होती. तिनं मागं बघितलं. स्वैपाकघरात सोजरबाई कढईच्या बुडाची खरपूड उलथन्यानं काढत होत्या.

"हे समदं आमचं रोजचंच हाय," साखराबाई म्हणाली. "ह्यायचं काय ऐकता आण्णा? पाहुण्यापुढं गरिबी सांगायची खोड हाय ह्यायला."

"साखरे..." आश्रुबा म्हणाला.

"तुमी गप बसा."

मोहनरावांना अजून शंका होती. त्यांची नजर खोलीत काहीतरी हुडकत होती. कुठं तरी एखादी कापलेली पिशवी दिसेल, एखादी वाळत घातलेली चहाची पावडर दिसेल. साखराबाईनं ती नजर ओळखली. तीच जाणे ती नजर. तिनं खोक्यातली एक बाटली उचलली, टक्कन सील फोडलं, ओट्याच्या कडेला गेली आणि त्या विकतच्या पाण्यानं आपले शिऱ्याचे हात धुतले. आधी हात धुतले, मग कोपरापर्यंत धुतले, मग चूळ भरली. उरलेलं पाणी अंगणातल्या धुळीवर शिंपडलं.

 मोहनरावांनी धुळीत जिरणारं पाणी बघितलं आणि टायरच्या चपलेत पाय घातला.

"चला," ते म्हणाले.

साखराबाईनं सोजरबाईंची ओटी भरली. गहू, नारळ, खण. नारळ बघून मोहनरावांना जरा धीर आला. गव्हाखाली पिशवीत बांधलेला शिऱ्याचा गोळा होता, तो सोजरबाईंना वजनावरून कळला. त्यांनी पदर घट्ट धरला आणि नवऱ्याच्या मागं चालू लागल्या. येतानापेक्षा जरा सावकाश, जरा जपून.

पाहुणे गेल्यावर आसारामनं टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "अक्का, तू येडी झालीस का काय? तयार सोयरीक! हातात आलती!"

"तूच म्हनलास ना, काटकसर करू नको."

"आगं पण हात धुवायला सांगितलं व्हतं का मी?"

आश्रुबा तर आठ दिवस बायकोशी बोलला नाही. पत्र्यावर लाल फडकं लागायचं, तो यायचा, जेवायचा, जायचा. साखराबाईला वाटायचं, उठून सांगावं सगळं. पण काय सांगणार? दुसऱ्याच्या बायकोनं दोन बशा शिरा खाल्ला म्हणून लेकीचं स्थळ मोडलं, असं? रात्रंदिवस तिला एकच गोष्ट खायची. पोरगा वाईट नव्हता. दारूबिरूचं काही नव्हतं. योगिताला विचारलं नव्हतं. भाजी निवडताना एकदा तिनं भीत भीत विचारलं, "तुला आवडलता का गं त्यो?"

"भांग चांगला पाडलता," योगिता म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "मशिनीला तेल महिन्याला दोन थेंब लागतं म्हून सांगितलं मी त्याला. त्यो म्हनला, एक टाकून बघ की." आणि दोघी मायलेकी हसल्या, पण साखराबाईचं हसू अर्ध्यातच थांबलं. हसण्यावर काही सोयरीक जुळत नाही.

गावात तोवर वेगळंच पसरलं होतं. साखराबाई बाटलीच्या पाण्यानं हात धुते. नव्या सुना यायच्या बंद झाल्या. गीताबाई बरणी परत न्यायला आली आणि बरणीच्या बुडाकडं बघून म्हणाली, "आता तुला काय गं, तुला कशाला उसनं लागतंय?" दोनचार वर्षांत मिळवलेली अब्रू एका दिवसात गेली.

आठवडा उलटला आणि आसाराम पळतच आला. धाप लागलेली. "अक्का! फोन आलता! मोहनराव तयार हाईत!"

आश्रुबा खाटेवरून उठला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून शब्द निघाला. "काय म्हनला?"

"म्हनले, मी घरी जाऊन इचार केला. जी माणसं विकतच्या पाण्यानं हात धुतेत, त्यायच्यात किती असंल! म्हनले, खर्चिक घर असंना का, पोरगी आमच्यात आली की आमी तिला वळण लावू. पण आता हुंडा घेऊ म्हनले. एवढ्या मोठ्या घरचा हुंडा न घेणं म्हंजे त्यायचा अपमान हुईल म्हनले."

 खोटं बोलून मोडलेली सोयरीक खोटं खरं वाटल्यामुळंच परत दारात उभी राहिली होती. आता खरं सांगितलं तरी जुळणार, खोटं सांगितलं तरी जुळणार.

"देऊ की हुंडा," आश्रुबा म्हणत होता. "चार शेरडं जास्तीची इकू. पोरगी चांगल्या घरात पडती."

साखराबाईनं दाराच्या फटीतून मशिनीवर वाकलेल्या योगिताकडं बघितलं. मशीन थांबली होती. पोरगी नुसता दोरा ओवत होती, सुईत दोरा असूनही.

"लाव फोन," साखराबाई म्हणाली. "मीच बोलते."

आसारामनं नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. तिकडून मोहनराव म्हणाले, "बोला वहिनी, बोला. फुकट हाय फोन, सावकाश बोला."

"आण्णा, माफ करा. पोरगी द्यायची न्हाई आमाला."

आश्रुबानं कपाळावर हात मारून घेतला.  पलीकडून मोहनरावांचा आवाज आला, रागावलेला नव्हे, खरोखर कोड्यात पडलेला. "कावून पण? आमच्यात काय कमी हाय, सांगा की."

साखराबाईनं विचार केला. बागायत होती. स्लॅब होता. विहिरीला पाणी, गोठ्यात म्हशी, कुलूपबंद डब्यात तूप. माणूस निर्व्यसनी. खोटं बोलायला या वेळी तिला काही सापडेना.

"काईच कमी न्हाई आण्णा," ती म्हणाली. "समदं हाय. म्हूनच."

मोहनरावांना ते कळलं नाही. "म्हंजे?" ते म्हणाले. "म्हंजे काय?" पण त्यांच्या मागून, लांबून, बहुधा चुलीपासून, एका बाईचा आवाज आला. "बराबर बोलतीय ती."

आणि फोन बंद झाला.